दिवाळी ते दिवाळी

दिवाळीच्या दिवशी आपल्या घरांत दोन गोष्टी न चुकता होतात. पहाटे बस्तीत महावीर भगवंतांचा निर्वाणलाडू चढतो आणि संध्याकाळी दुकानात वहीपूजन होते. वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष याच दिवाळीपासून मोजायचे, त्यामुळे जुन्या हिशेबाची वही मिटायची आणि नवीवर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे, ही चाल आपल्या व्यापारी घरांत फार जुनी. त्या वहीत कापड, तंबाखू, गूळ, उधारी, उसनवारी सगळे असते. घरातल्या बाईने वर्षभर भाजीच्या पैशातून, दळणाच्या पैशातून, माहेरच्या ओवाळणीतून काय राखले, त्याची नोंद मात्र त्या वहीत कधीच नसते. ते पैसे तांदळाच्या डब्यात, नाहीतर साड्यांच्या घडीत. त्यांची वही म्हणजे बाईचे डोके.

म्हणून मी जेव्हा 'बायकांच्या बचतीचा इतिहास' शोधायला बसले, तेव्हा घरातला एक विद्वान म्हणाला, "अगं, त्याचा कसला इतिहास? डबा आणि डब्यातले पैसे!" डब्याचा इतिहास आहे, मैत्रिणींनो, आणि बराच लांबचा आहे.

आपल्या परंपरेत तर तो दगडावर कोरलेला आहे. मथुरेच्या कंकाली टिळ्यावर कुषाण काळातल्या जिनप्रतिमा सापडल्या. त्यांच्या पायथ्याच्या लेखांत दान देणाऱ्या बायकांची नावे पुष्कळ आहेत. अमक्याची लेक, अमक्याची सून, अमक्याची बायको अशी ओळख आधी येते खरी, पण दान तिच्या नावावर आहे. आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर गदगजवळच्या लक्कुंडीचे. तिथले ब्रह्म जिनालय इ.स. १००७ च्या सुमाराचे, ते अत्तिमब्बेने बांधवले. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती ताडपत्रांवर लिहून घेऊन तिने वाटल्या. छापखाना नसलेल्या काळात हजार प्रती! ती चालुक्यांच्या सेनापतीची विधवा, मोठ्या घरची. तिची आणि आपली बरोबरी नाही. पण शास्त्रदान म्हणून आपण तिचे नाव घेतो, तेव्हा एवढे तरी मनात यावे की खर्च करण्याचा अधिकार तिच्या हातात होता. दान द्यायला आधी स्वतःचे काही असावे लागते.

मधल्या शतकांत साध्या घरच्या बाईच्या हातात जे राहिले ते दोन प्रकारचे. एक अंगावरचे सोने आणि दुसरे स्वयंपाकघरातले धान्य. सोन्यावर तिचा हक्क मानला जायचा, पण अडचण आली की पहिली पाटली तिचीच निघायची. धान्यावर हक्क असा नव्हता, पण मूठ तिची होती. पीठ मळताना एक मूठ बाजूला टाकायची, महिन्याने त्याचे पायलीभर व्हायचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही मूठ बरोबर ओळखली. भाऊराव आपल्याच समाजातले, जन्म कुंभोजचा, १८८७ चा. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांसाठी त्यांनी जो मुष्टिफंड चालवला, तो म्हणजे दारोदारच्या बायकांच्या मुठीच. सरकारी अनुदानाआधी त्या मुठींवर पोरे जेवली. आणि साताऱ्याच्या बोर्डिंगात कोठीतले धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. शाळेच्या कार्यक्रमांत ही गोष्ट आपण डोळे पुसत ऐकतो. मला ती ऐकताना दर वेळी आणखी एक गोष्ट दिसते. मुठीचे धान्य आणि गळ्यातले सोने, बाईच्या बचतीची ही दोन्ही भांडी त्या एका संस्थेत रिकामी झाली. संस्थेच्या जमाखर्चात ती बाजू कितीशी दिसते?

आता पैशाकडे येऊ. पोस्टाची बचत बँक आपल्या देशात १८८२ साली सुरू झाली. पैसे ठेवायला सरकारी जागा झाली, पण पोस्ट पेठेत आणि बाई माजघरात. १८८९ साली बडोद्याला वेगळे काही घडले. तिथल्या मराठी मध्यमवर्गीय मंडळींनी विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकाराने 'अन्योन्य सहायकारी मंडळी' काढली. सहकाराचा कायदा यायला अजून पंधरा वर्षे होती. आपापसांत थोडे थोडे पैसे जमवायचे, गरजेला त्यातूनच कर्ज घ्यायचे आणि सावकाराच्या दारात जायचे नाही, एवढीच कल्पना. नागरी सहकारी पतसंस्थांत देशातली पहिली म्हणून तिचे नाव घेतात. १९०४ ला कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी आपल्या शेजारच्या गदग तालुक्यात कणगिनहाळला सिद्धनगौडा पाटलांनी शेतकऱ्यांची सोसायटी नोंदवली. तेव्हा तो मुलूख मुंबई इलाख्यातला, धारवाड जिल्ह्यातला. म्हणजे बघा, बडोद्याचा मराठी कारकून आणि गदगचा कन्नड शेतकरी, दोघांनीही पंधरा-सोळा वर्षांच्या अंतराने एकच युक्ती केली. सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही जोडी लक्षात ठेवावी असे मला फार वाटते. भाषेवरून आपण कितीही भांडलो तरी भिशीच्या गणितात कन्नड-मराठी नसते.

पण या दोन्ही ठिकाणी सभासद पुरुष होते. बायकांच्या दारापर्यंत पैसे घ्यायला जो पहिल्यांदा आला तो पिग्मीवाला.

'पिग्मी' हा शब्द बेळगाव, निपाणी, चिकोडी, इचलकरंजी, सांगली इकडे इतका घरचा झालेला आहे की तो इंग्रजी आहे हेच आपण विसरलो. पुण्याची माझी भाची पहिल्यांदा आली तेव्हा तिला वाटले पिग्मी म्हणजे बुटक्या माणसांची कसली तरी गोष्ट असावी! ती कल्पना उडुपीची. १९२५ साली डॉ. टी. एम. ए. पै आणि त्यांच्या दोन सोबत्यांनी तिथे एक छोटी बँक काढली, पुढे तीच सिंडिकेट बँक झाली. हातमागाचा धंदा बसला होता, विणकरांच्या हातात पैसा टिकत नव्हता. १९२८ पासून बँकेचा माणूस रोज दारात जाऊन दोन आण्यांपासून पैसे गोळा करू लागला. दोन आणे! मोठ्या बँकांना जो पैसा मोजायलाही लाज वाटली असती, त्यावर ती बँक मोठी झाली. १९६९ ला राष्ट्रीयीकरण झालेल्या चौदा बँकांत ती होती. २०२० साली ती कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हा शब्द उरला. आज पतसंस्था कोणतीही असो, संध्याकाळी सहाच्या सुमाराला चामड्याची पिशवी घेऊन येतो तो पिग्मीवालाच.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत तो यायचा तेव्हा बायका उंबऱ्याशी उभ्या राहून पैसे द्यायच्या. आज्जी पदराच्या गाठीतून नाणी काढायची आणि कार्डावर त्याने बरोबर आकडा लिहिला का ते मला वाचायला लावायची. तिला अक्षर येत नव्हते, आकडे मात्र येत होते. तरी मला वाचायला लावायची, कारण साक्षीदार हवा. शेजारची एखादी कुजबुजत विचारायची, "कार्ड कुठं ठेवूलालीस गं?" आणि आज्जी म्हणायची, "ठेवलंय की." कुठे ते कधी सांगितले नाही. कार्ड तिचे, पैसे तिचे, पण खात्यावर नाव आजोबांचे होते. यात तिला काही वावगे वाटत नव्हते आणि मलाही तेव्हा वाटले नाही.

सरकारलाही बाईच्या हातून बाईकडे जावे लागते हे १९७२ साली कळले. त्या वर्षीच्या एप्रिलपासून पोस्टाच्या आवर्ती ठेवीसाठी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आली. पैसे गोळा करणारी एजंटही बाईच. आपल्या ओळखीत अशा कितीजणी होत्या! नवरा गेलेली, शिकलेली पण नोकरी न मिळालेली, दुपारी जेवणे आटोपल्यावर छत्री घेऊन निघणारी. त्यांच्या कमिशनवर मुलांची शिक्षणे झाली. या बायकांवर कोणी चार पाने लिहिलेली नाहीत, कोणीतरी लिहावीत.

सोन्याचे काय झाले तेही सांगते, कारण त्याची एक गोष्ट गोव्याची आहे आणि ती आपल्या पिढीला ठाऊक नाही. गोव्यातल्या बायकांनी अडीनडीला पोर्तुगीज बँकेत, बॅन्को नासिओनाल उल्त्रामारिनोत, दागिने गहाण ठेवलेले होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पण त्याच्या आधीच ते दागिने लिस्बनला रवाना झाले होते. ते परत यायला १९९१ उजाडले. तीस वर्षे! गहाण टाकणारी बाई कदाचित तोवर गेलेली असेल, आणि तिच्या सुनेला पावती कुठे ठेवली आहे तेही माहीत नसेल. इकडे आपल्या बाजूला १९६२ चे चीनचे युद्ध झाले, बायकांनी संरक्षण निधीला बांगड्या काढून दिल्या, आणि १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आले. चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने करायला बंदी. पुढे १९६८ ला कायदा झाला, तो रद्द व्हायला १९९० उजाडले. सरकारच्या दृष्टीने ते सोने म्हणजे देशाचे परकीय चलन वाया घालवणारी हौस. बाईच्या दृष्टीने ती तिची एकमेव बँक होती. या दोन दृष्टींची भेट कधी झालीच नाही.

या सगळ्याच्या पोटात भिशी कायम चालत होती. तिचे नाव प्रदेशाप्रमाणे बदलते. इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या बायका बीसी म्हणतात, बडोद्याच्या वीसी, हैदराबादेत चिट्टी, आणि आपल्याकडे भिशी. रीतीही वेगळ्या. वीस जणींनी महिन्याला पाचशे घातले की दहा हजार जमतात, चिठ्ठी टाकायची, जिचे नाव निघेल तिने ते न्यायचे, आणि वीस महिन्यांत प्रत्येकीला एकदा. ही झाली चिठ्ठीची भिशी. हैदराबादेकडे लिलाव बोलतात, जिला घाई ती कमी घेऊन उचलते आणि राहिलेले इतरांत वाटले जाते. आपल्या निपाणी-इचलकरंजीकडची खरी लोकप्रिय रीत मात्र दिवाळी भिशी. दर आठवड्याला ठरलेली रक्कम घालायची, जमलेल्यातून सभासदांनाच शेकडा दोन दराने कर्ज द्यायचे, व्याज त्यातच मिळवायचे, आणि दिवाळीच्या आधी भिशी फोडायची. "भिशी फुटली का गं?" हा प्रश्न वसुबारसेच्या आधी गल्लीगल्लीत ऐकू येतो. ज्या घरात फुटते त्या घरातली बाई त्या आठवड्यात जरा ताठ चालते, हे मी पाहिलेले आहे.

भिशीला कागद नसतो, हे तिचे बळ आणि तेच तिचे दुखणे. ज्या बाईकडे पेटी, तिच्यावर सगळ्यांचा भरवसा. तिच्या घरात दुखणे निघाले, मुलाचा धंदा बुडाला, की पेटीत हात जातो. दिवाळीच्या तोंडावर गाव सोडून गेलेल्या भिशीवाल्यांच्या कहाण्या प्रत्येक गावात आहेत. आणि बायका पोलिसांत जात नाहीत, कारण गेले तर घरी विचारणार, "एवढे पैसे तुझ्याकडे आले कुठून?"

हा प्रश्न नीट बघा. पैसे गेल्याचे दुःख बाजूलाच राहते आणि पैसे होते हाच गुन्हा ठरतो.

आमच्या मंडळात आम्ही बावीस जणी. काही दुकानदारांच्या घरच्या, काही शेतीवाल्या, तिघी शिक्षिका, एक पिको-फॉल करणारी, एक पापड-शेवयांची ऑर्डर घेणारी. दिवाळी भिशी जुनी होती. काही वर्षांपूर्वी एकीच्या सुनेने नवी कल्पना आणली. वर्षाचे बावन्न आठवडे, पहिल्या आठवड्याला दहा रुपये, दुसऱ्याला वीस, तिसऱ्याला तीस, असे चढत चढत बावन्नाव्याला पाचशे वीस. सगळ्यांनी मिळून पैज लावायची, कोण शेवटपर्यंत टिकते. वर्षाची बेरीज तेरा हजार सातशे ऐंशी होते. दहा रुपयांनी सुरू होते म्हटल्यावर सगळ्या हसत तयार झाल्या. दहा रुपयांत आता काय येते, कोथिंबिरीची जुडीसुद्धा येत नाही!

हिशेब मांडला तो आमच्यातल्या सगळ्यांत कमी शिकलेल्या अक्कांनी. त्या म्हणाल्या, "अगं, दिवाळीला सुरू केलं तर मोठे आकडे कधी येत्यात बघा की." खरेच होते. शेवटच्या दहा आठवड्यांचीच बेरीज चार हजार सातशे पन्नास, म्हणजे वर्षाच्या रकमेतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग. आणि ते आठवडे म्हणजे गणपती, दशलक्षण पर्व, नवरात्र आणि पुढच्या दिवाळीचा फराळ. नेमके तेव्हाच हात रिकामे असतात. अक्का म्हणाल्या, उलटी करा. दिवाळी झाल्या झाल्या पाचशे वीस, मग पाचशे दहा, असे उतरत यायचे. कारण तेव्हा उसाची बिले यायला लागतात, दुकानातला दिवाळीचा गल्ला ताजा असतो, लग्नसराईची शिलाई असते. आणि पुढच्या दिवाळीच्या तोंडावर दहा-वीस रुपयेच उरतात. पापडवालीला तेही जमेना, कारण तिचा पैसा येतो उन्हाळ्यात. म्हणून मग आम्ही सगळ्यांना हौजीसारखे कागद दिले, त्यावर दहापासून पाचशे वीसपर्यंतचे बावन्न चौकोन. ज्या आठवड्याला जो आकडा जमेल तो घालायचा आणि खोडायचा. वर्षाअखेर सगळे चौकोन खोडले गेले पाहिजेत. पापडवाली एप्रिल-मेमध्ये मोठे चौकोन संपवते आणि पावसाळ्यात दहा-वीसवर निभावते. कुठल्याही पुस्तकात न सापडणारी ही सुधारणा आमच्या बस्तीच्या ओसरीवर झाली, याचा मला अभिमान आहे.

पहिल्या वर्षी आम्ही मागे पडलेल्यांची नावे वाचून दाखवत होतो. ते लगेच बंद केले. पैज म्हटली की चुरस हवी हे खरे, पण जिच्या घरात त्या महिन्यात औषधपाणी निघाले तिला सगळ्यांसमोर खाली बघायला लावून कसली चुरस? आता फक्त एकूण खोडलेल्या चौकोनांची संख्या सांगतो. बावीस जणींचे मिळून अकराशे चव्वेचाळीस चौकोन. आठशे झाले, नऊशे झाले, असे म्हटले की उरलेले कोणाचे हे कोणी विचारत नाही, आणि ज्यांचे असतात त्या पुढच्या आठवड्यात आपणहून भरतात. मोठेपणी आपण कितीही शहाण्या झालो तरी चौकोन खोडायची हौस शाळकरी मुलीचीच असते.

आणखी एक गोष्ट ठरवली. साठवण हा परिग्रहच, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले. एक आजी पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "साठवा, पण मर्यादा घालून साठवा." परिग्रह-परिमाणाचे व्रत गृहस्थाला सांगितलेले आहे, ते मर्यादेचेच. म्हणून व्याजाचा जो काही भाग येतो, त्यातला थोडा आहारदान-औषधदानाला जातो. किती, ते जिने तिने ठरवायचे. मला स्वतःला वाटते की ज्या बाईजवळ काहीच नाही तिला परिमाणाचा उपदेश करणे सोपे असते. आधी हातात येऊ दे, मग मर्यादेचे बघू. आजींशी माझे यावर अजून जमलेले नाही.

दुसऱ्या वर्षी भिशी फुटली तेव्हा एकीने मोठ्या आनंदाने पैसे घरी नेले, शिवणयंत्राला मोटर बसवायची म्हणून. आठ दिवसांनी ती आली ती यंत्राबद्दल अवाक्षर न बोलता. शेवटी वैनींनी खोदून विचारले. नवरा म्हणाला होता, "माझ्याच पगारातले पैसे ना? मग माझेच की." मारहाण नाही, आरडाओरडा नाही, शांतपणे म्हणाला होता आणि पैसे गाडीच्या हप्त्याला गेले. ओसरीवर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकजण म्हणाली, "तसं बघितलं तर खरंच की." दुसरी म्हणाली, "खरं कसं? त्या पगारात त्यानं किती वाचवलं?" तिथपासून मी हा प्रश्न सोडलेला नाही. घरखर्चातून बाईने वाचवलेले पैसे कोणाचे?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न १९४३ साली न्यायालयात गेला होता. ब्लॅकवेल नावाच्या जोडप्याचा खटला. नवऱ्याने घरखर्चाला दिलेल्या पैशांतून बायकोने काटकसर करून शंभराहून थोडे जास्त पौंड ऑक्सफर्डच्या सहकारी सोसायटीत तिच्या नावावर ठेवले होते. दोघे वेगळे झाले, नवऱ्याने पैसे मागितले. अपील न्यायालयाने सांगितले की ते नवऱ्याचे. घरखर्चाचे पैसे त्याचे, म्हणून उरलेलेही त्याचे. तिची काटकसर मोजणीत आलीच नाही. ज्या देशात १८८२ पासून विवाहित बाईला स्वतःची मालमत्ता ठेवायचा हक्क होता, त्या देशातली ही गोष्ट. तो नियम बदलायला १९६४ चा कायदा लागला. त्याने म्हटले, अशी बचत दोघांची निम्मी निम्मी.

आपल्याकडे कायद्याने काही गोष्टी आधीच स्पष्ट केल्या. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे, आणि त्याच्या १४ व्या कलमाने बाईच्या ताब्यातली तिची मालमत्ता पूर्णपणे तिची केली. आधी विधवेला मिळायची ती मर्यादित, हयातीपुरती. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्त्रीधन हे तिचेच, सासरच्यांकडे ठेवले तरी ते केवळ सांभाळणारे. पण तांदळाच्या डब्यातल्या नोटा? त्यांच्याबद्दल कोणी न्यायाधीश बोलला नव्हता. बोलायची वेळ आणली २०१६ च्या नोव्हेंबरने.

आठ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या आठवड्यात घराघरांतून जे बाहेर आले, त्याचे बायकांनी हसत हसत विनोद केले. मला मात्र त्यातली लाज दिसत होती. हळदीच्या बरणीतून, गादीच्या शिवणीतून, देव्हाऱ्याच्या मागून पैसे निघाले आणि ते नवऱ्याच्या हातात देऊन "बँकेत भरा" म्हणावे लागले. वर्षानुवर्षे जपलेले गुपित एका रात्रीत उघडे पडले. कितीजणींना ते परत मिळाले? आमच्या मंडळात यावर बोलणे निघाले की दोघी-तिघी उठून चहा ठेवायला जातात.

सरकारने तेव्हा सांगितले होते की गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या भरण्याची चौकशी होणार नाही. तरी ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने दोन लाख अकरा हजार पाचशे रुपये खात्यात भरले तेव्हा प्राप्तिकर अधिकाऱ्याने ते अघोषित उत्पन्न ठरवले. तिचे म्हणणे साधे होते: नवऱ्याने, मुलाने, नातेवाइकांनी दिलेल्यातून वर्षानुवर्षे साठवले. पहिल्या अपिलात ती हरली. मग प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाने २०२१ च्या जूनमध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. नोटाबंदीच्या काळात गृहिणीने भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेला तिचे उत्पन्न धरून कर लावता येणार नाही, आणि अशा इतर प्रकरणांतही हा निकाल धरावा, असे म्हटले. गृहिणीचे घरातले काम आणि तिची साठवण या गोष्टी गृहीत धरूनच त्यांनी विचार केला.

तो निकाल कराचा आहे, मालकीचा नाही, हे मी मंडळात दोनदा सांगितले. आयकरवाला मागू शकत नाही म्हणजे नवराही मागू शकत नाही, असे होत नाही. पण वैनी म्हणाल्या, "सरकारला पटलं की बाई साठवते, एवढं तरी झालं." इंग्लंडच्या ब्लॅकवेल बाईची काटकसर न्यायालयाला दिसली नाही, ग्वाल्हेरच्या बाईची दिसली. मध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षे गेली.

बचत गट १९९२ पासून नाबार्डने बँकांना जोडले, कर्नाटकात २००० च्या सुमारास स्त्रीशक्ती गट आले, महाराष्ट्रात माविम १९७५ पासून होतेच. त्या सगळ्यांनी खेड्यातल्या बाईच्या हातात पासबुक दिले हे फार मोठे काम. आपल्यासारख्या गल्लीतल्या, 'खाऊनपिऊन सुखी' घरांतल्या बायका मात्र त्यात बसत नाहीत. आमचे पैसे आहेत असेही म्हणता येत नाही आणि नाहीत असेही.

शिवणयंत्राच्या प्रसंगानंतर आमच्या मंडळात बदल झाला. भिशी आता रोखीने फोडत नाही. प्रत्येकीने पोस्टात किंवा बँकेत स्वतःच्या एकटीच्या नावाचे खाते काढायचे आणि दिवाळीला रक्कम तिथेच जमा करायची, असा ठराव झाला. यावर दोन बैठका वादात गेल्या. "एकटीच्या नावावर म्हणजे घरात संशय," असे म्हणणाऱ्या सात जणी होत्या. त्यांच्यातल्या चौघींनी पुढे खाते काढले, तिघींना आम्ही अजून रोखच देतो. जबरदस्ती करून काढलेले खातेही दुसऱ्याचेच असते.

खात्याचे फॉर्म भरायला आम्ही एका दुपारी ओसरीवर बसलो. नॉमिनीच्या रकान्यापाशी सगळ्यांचे पेन थांबले. बहुतेकींनी सवयीने नवऱ्याचे नाव लिहिले. पापडवालीने लेकीचे लिहिले. अक्कांनी मला विचारले, "सुनेचं घातलं तर चालतं काय गं?" चालते म्हटले. त्यांनी चष्मा पुसला, सुनेचे पूर्ण नाव काय हे फोन करून तिलाच विचारले, आणि सावकाश, एकेक अक्षर सुटे सुटे काढत लिहिले.